ध्रुव आणि चल

पेडल स्टील गिटार वाजत असताना वादकाच्या हातांकडे सगळेच बघतात, डाव्या पायाकडे बघणारा विरळा. समजा, वादकाने तीन तारा एकत्र छेडल्या: ई, जी-शार्प आणि बी. पाश्चात्त्य भाषेत ही ई मेजर कॉर्ड, आपल्या भाषेत षड्ज, गंधार आणि पंचम. तारा गुंजत आहेत तोवर त्याने डाव्या पायाचा चवडा शेजारशेजारच्या दोन पेडलांवर दाबला. वाद्याच्या पोटाखालच्या सळया ओढल्या गेल्या. जी-शार्पची तार अर्धा सूर चढून ए झाली, बीची तार पूर्ण सूर चढून सी-शार्प झाली. ईच्या तारेला कुणी स्पर्शही केला नाही. तरी ऐकणाऱ्याला घर बदलल्यासारखं वाटतं, कारण आता ए हा षड्ज झाला आहे आणि क्षणापूर्वी षड्ज असलेली ई पंचम होऊन बसली आहे.

हिंदुस्थानी संगीत शिकणाऱ्याला सुरुवातीलाच सांगितलं जातं की षड्ज आणि पंचम हे अचल स्वर; कोमल-तीव्र व्हायचं ते बाकीच्यांनी. इथे तार एकच, तिची कंपनसंख्या तीच, आणि एका श्वासात ती षड्जही असते, पंचमही. मग अचल काय राहिलं? तार, की तिचं इतर तारांशी असलेलं नातं? आणि नातंच बदलत असेल तर त्या तारेला शुद्ध म्हणायचं ते कशाच्या आधारावर?

बदलणाऱ्या गोष्टीला शुद्ध राहता येतं का, हा प्रश्न ग्रंथातला वाटतो. पण जुनी पेडल स्टील हाती आलेल्या प्रत्येक वादकाला तो पाना आणि ट्यूनर घेऊन सोडवावा लागतो. कोणती तार कोणत्या सुरात लावायची, कोणत्या पेडलने ती किती चढवायची, गुडघ्याच्या कोणत्या लिव्हरने किती उतरवायची, हे त्याचं त्यालाच ठरवावं लागतं. पियानो वाजवणाऱ्याच्या वाट्याला हा निर्णय येत नाही. पेडल स्टीलवाल्याला पहिला सूर वाजवण्याआधीच आपली निष्ठा कशाशी, हे सांगावं लागतं.

वाद्याचं मूळ हवाई बेटांवर आहे. ओआहू बेटावरच्या लाईए गावी १८७४ साली जन्मलेला जोसेफ केकुकू शाळकरी वयात, १८८९च्या सुमारास, गिटार आडवी धरून तिच्या तारांवरून पोलादाचा तुकडा सरकवू लागला, असं मानलं जातं. पडद्यांचं बंधन सुटलं. दोन सुरांमधली हवी ती जागा मिळू लागली, आपल्याकडच्या मींडेसारखी. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोला भरलेल्या जागतिक प्रदर्शनात हवाईचं दालन होतं, तिथून या आवाजाने अमेरिकेला वेड लावलं.

पण या सुटकेची किंमत होती. पोलादी कांडी सरळ असते आणि सगळ्या तारांवर एकाच रेषेत टेकते. त्यामुळे जी कॉर्ड तारांना लावून ठेवली असेल तीच वरखाली सरकत राहते. मेजर लावली असेल आणि गाण्यात मायनर आली की वादक अडला. यावर एक उपाय म्हणजे एकाच वाद्यावर दोन, तीन, कधी चार तारसंच बसवायचे आणि प्रत्येकाची जुळणी वेगळी ठेवायची. दुसरा उपाय पेडलांचा. पॉल बिग्सबी या कारागिराने १९४८ साली स्पीडी वेस्टसाठी पेडलांची गिटार बांधली, तोवर इतरांचेही प्रयत्न होऊन गेले होते. बहुतेक वादक तेव्हा पेडलाचा उपयोग एका जुळणीतून दुसरीत जाण्यापुरता करत. आवाज थांबवायचा, पेडल दाबायचं, मग पुढची कॉर्ड.

१९५४ साली गाजलेल्या वेब पिअर्सच्या 'स्लोली' या गाण्यात बड आयझॅक्सने तारा वाजत असतानाच पेडल दाबलं. एक सूर जागेवर स्थिर आणि त्याच्या शेजारचे चढत जाणारे, असं काही लोकांनी गाण्यात पहिल्यांदाच ऐकलं. बदल झाकण्याची गरज नाही, बदल होतानाचा क्षणच गाता येतो, हे त्या एका दाबाने सिद्ध झालं. त्यानंतर कंट्री संगीतातल्या वादकांनी आपापल्या गिटारींना पेडलं बसवून घ्यायला धाव घेतली.

आयझॅक्सच्या एकाच पेडलाने दोन्ही सूर एकदम चढत. पुढे ते काम दोन पेडलांत वाटलं गेलं. बडी एमन्स आणि जिमी डे, दोघेही रे प्राइसच्या वाद्यवृंदात वाजवलेले, दोघेही थोर. एमन्सच्या मांडणीत बी तार चढवणारं पेडल सगळ्यात डावीकडे आणि जी-शार्प चढवणारं त्याच्या उजवीला. डेच्या मांडणीत नेमकं उलट. कागदावर दोन्हींतून निघणारे सूर सारखेच. फरक घोट्यात आहे. दोन पेडलांवरून पाय कलता करताना कोणता सूर आधी सुटतो आणि कोणता रेंगाळतो, हे पायाच्या कलण्यावर ठरतं, आणि वादकाची बोलण्याची लकब त्यातूनच तयार होते. एका मांडणीत वाढलेला पाय दुसऱ्या मांडणीच्या गिटारीवर परक्या घरात अंधारात चालल्यासारखा चाचपडतो. जुनी गिटार विकत घेणारा म्हणूनच आधी पेडलांचा क्रम विचारतो.

आज सर्वांत रूढ असलेली जुळणी ई-नाइन्थ. दहा तारा, वादकापासून सर्वांत लांबच्या तारेपासून मोजल्या तर अशा: एफ-शार्प, डी-शार्प, जी-शार्प, ई, बी, जी-शार्प, एफ-शार्प, ई, डी, बी. पहिल्या दोन तारा तिसरीपेक्षा खालच्या सुरात आहेत, हे पाहून नवखा माणूस गोंधळतो. त्या दोन एमन्सने १९६२ साली घातल्या. सलग सुरावट एका जागी वाजवता यावी म्हणून त्याने क्रम मोडला, आणि तो मोडलेला क्रमच पुढे नियम झाला.

या जुळणीचं सौंदर्य एका साध्या उदाहरणातून दिसतं. सी मेजर कॉर्ड हवी आहे. आठव्या रेघेवर कांडी ठेवली तर ती कोणतंही पेडल न दाबता मिळते. तिसऱ्या रेघेवर दोन पेडलं दाबून मिळते. अकराव्या रेघेवर एक पेडल आणि ईला एफ करणारा गुडघ्याचा लिव्हर वापरून पुन्हा मिळते. तीन ठिकाणी तीच कॉर्ड, पण प्रत्येक ठिकाणाहून पुढे जाण्याच्या वाटा वेगळ्या. एकाच गावाला तीन वेशी असाव्यात तसं. कोणत्या वेशीतून आत यायचं हे गाणं पुढे कुठे जाणार त्यावर ठरतं.

दोन तारसंचांच्या गिटारीवर दुसरा बहुधा सी-सिक्स्थमध्ये असतो. त्याचे सूर खोल आणि जवळजवळ बसलेले, जॅझ आणि वेस्टर्न स्विंगला साजेसे. ई-नाइन्थमध्ये पेडल दाबल्यावर जो हुंदका फुटतो तो सी-सिक्स्थमध्ये सहज येत नाही, आणि सी-सिक्स्थमधली दाट कॉर्ड ई-नाइन्थमध्ये ओढून आणावी लागते. दोन्ही एकत्र करणाऱ्या बारा तारांच्या जुळण्याही लोकांनी शोधल्या, त्यांना युनिव्हर्सल म्हणतात. तिथेही काही तारा, काही सोयी सोडाव्या लागतातच.

इथवरचा प्रश्न सोयीचा होता. खरा पेच सुरू होतो तो एफ-शार्पपाशी.

एक अर्धा सूर म्हणजे १०० सेंट, असं माप धरू. ईपासून शुद्ध पंचम घेतला की बी मिळतो. बीपासून पुन्हा शुद्ध पंचम घेऊन एक सप्तक खाली आणला की एफ-शार्प मिळतो, आणि तो ईच्या वर २०४ सेंटांवर पडतो. पेडल न दाबता वाजवलं तर हा एफ-शार्प निर्मळ लागतो. आता दोन्ही पेडलं दाबली. ए आला, सी-शार्प आला, आणि त्यांच्यासोबत तोच एफ-शार्प वाजवला तर एफ-शार्प मायनर कॉर्ड होते. या कॉर्डला शांत, न थरथरणारा एफ-शार्प हवा असेल तर तो ईच्या वर १८२ सेंटांवर असावा लागतो. तफावत २२ सेंटांची, अर्ध्या सुराचा पाचवा भाग. वादकाला ही थरथर स्पष्ट ऐकू येते, आणि ऐकणाऱ्याला काहीतरी टोचतं एवढं नक्की कळतं. तारेचा दोष नाही, कारागिराचा नाही, वादकाच्या कानाचाही नाही. गणितच तसं आहे. एकाच तारेने दोन नाती एकाच वेळी निष्कलंक सांभाळणं शक्य नाही.

ईला षड्ज मानलं तर एफ-शार्प हा रिषभ. हे २०४ आणि १८२ सेंट म्हणजे आपल्या शास्त्रातले चार श्रुतींचा आणि तीन श्रुतींचा असे दोन रिषभ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी बावीस श्रुतींची गणितं मांडली आणि ई. क्लेमंट्स या इंग्रज अधिकाऱ्यासोबत श्रुतींची पेटी करण्याचा ध्यास घेतला, तेव्हा त्यांच्यासमोर हेच होतं. पेटीच्या एका पट्टीतून दोन रिषभ निघत नाहीत, म्हणून त्यांना पट्ट्या वाढवाव्या लागल्या.

त्याच्याही सातशे वर्षं आधी देवगिरीला, यादव राजा सिंघणाच्या पदरी हिशेबखात्याचा मोठा अधिकारी असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. श्रुती कशा मोजायच्या हे दाखवण्यासाठी त्याने दोन वीणा मांडल्या आहेत. दोन्हींना बावीस-बावीस तारा, दोन्ही एकसारख्या लावलेल्या. एकीचं नाव ध्रुव वीणा. तिला हात लावायचा नाही. दुसरी चल वीणा. तिच्या तारा टप्प्याटप्प्याने उतरवत न्यायच्या. दुसऱ्या टप्प्यात चल वीणेचे गंधार आणि निषाद ध्रुव वीणेच्या रिषभ-धैवताशी येऊन मिळतात, तिसऱ्यात तिचे रिषभ-धैवत ध्रुव वीणेच्या षड्ज-पंचमाशी, आणि अशा रीतीने सूक्ष्म अंतरं कानाला पटतात. या मांडणीचं मूळ भरताच्या नाट्यशास्त्रात आहे. त्यातली मर्माची गोष्ट ही की चल वीणा कितीही हलली तरी ती भरकटत नाही, कारण तिचा प्रत्येक बदल शेजारी स्वस्थ बसलेल्या ध्रुव वीणेवर तपासून घेतला जातो.

पेडल स्टीलमध्ये या दोन्ही वीणा एकाच देहात कोंबल्या आहेत. वाजत्या क्षणी काही तारा ध्रुव, काही चल. पुढच्या क्षणी भूमिका बदलतात. गुडघ्याचा लिव्हर दाबून ई उतरवून डी-शार्प केली, की मघाची ध्रुव तार आता चल झाली आणि मघाशी चढलेली बी स्वस्थ. तपासून घ्यायला शेजारी दुसरी वीणा नाही. म्हणून या वाद्यावर ध्रुव काय मानायचं हे वादकाला निवडावं लागतं, आणि निवडल्यावर त्या निवडीला जागावं लागतं.

कसं निवडतात? जेफ न्यूमन या नावाजलेल्या शिक्षकाने प्रत्येक तार आणि प्रत्येक पेडल ट्यूनरच्या काट्यापासून किती खालीवर लावायचं याचा तक्ता केला. त्यात कॉर्डचे गंधार खाली उतरवलेले आहेत. समान वाटणीच्या सप्तकात मेजर गंधार ४०० सेंटांवर येतो आणि शुद्ध गंधार ३८६वर. हे १४ सेंट काढून टाकले की कॉर्ड काचेसारखी स्वच्छ होते. पण मग एफ-शार्पचं भांडण उघडं पडतं आणि तिथे तडजोड करावी लागते. एमन्स मात्र पुढच्या काळात समान वाटणीकडे झुकला. पियानो आणि बेसबरोबर वाजवायचं असेल तर चूक सगळ्या तारांवर थोडी थोडी वाटून टाकलेली बरी, हा त्या बाजूचा विचार. तिसरा मार्ग यंत्राचा: बी चढवणारं पेडल दाबलं की सोबत एफ-शार्पची तार किंचित उतरेल अशी एक जादा सळई बसवायची. दोन रिषभांना दोन जागा मिळतात, बदल्यात पायाला जरा जास्त जोर लागतो. त्यातच पेडल दाबताना वाद्याचं लाकूड किंचित वाकतं आणि न हललेल्या तारासुद्धा काही सेंट उतरतात. वादक याला कॅबिनेट ड्रॉप म्हणतात. म्हणजे जिला आपण ध्रुव धरलं होतं तीही पुरती ध्रुव नव्हती.

एकजण कॉर्डच्या आतल्या नात्याला प्रमाण मानतो, दुसरा सोबतच्या वाद्यांशी असलेल्या नात्याला, तिसरा दोन्हींसाठी झीज सोसतो. तिघांपैकी कुणीही बेपर्वा नाही. शुद्धता हा तारेचा गुण असता तर यातला एकच बरोबर ठरला असता. ती तारांमधल्या नात्याचा गुण आहे, म्हणून आधी कोणतं नातं हे विचारावं लागतं.

वाद्य जुनं असलं की प्रश्नाला आणखी एक पदर फुटतो. फेंडर कंपनीने १९५०च्या दशकाच्या अखेरीस काढलेली 'फेंडर ४००' ही गिटार घ्या. आठच तारा, सळयांऐवजी केबल आणि कप्प्या, मूळ रूपात गुडघ्याचा लिव्हर नाही. हिच्यावर आजची ई-नाइन्थ बसवायची तर दहातल्या दोन तारा सोडाव्या लागतात. खालच्या दोन सोडल्या तर खर्ज जातो, एमन्सच्या दोन सोडल्या तर त्याची सलग सुरावट जाते. त्यापेक्षा वाद्याला काय सोपं जातं हे विचारणारेही झाले. स्नीकी पीट क्लाइनाउ हा एरवी चित्रपटांसाठी बाहुल्यांचं ॲनिमेशन करणारा वादक. १९६९च्या 'द गिल्डेड पॅलेस ऑफ सिन' या फ्लाइंग बरिटो ब्रदर्सच्या ध्वनिमुद्रिकेत तो फेंडर ४०० वाजवतो, तीही बी-सिक्स्थ जुळणीत. कंट्री संगीताचं माहेर असलेल्या नॅशव्हिलच्या रूढ वाटेने तो गेला नाही आणि त्याचा आवाज आजही पहिल्या काही सुरांत ओळखू येतो.

याउलट एमन्सच्या कंपनीची पुश-पुल. शॉट जॅक्सनसोबत काढलेली 'शो-बड' सोडून १९६३ साली एमन्सने ही कंपनी उभारली. पुश-पुल या नावातच त्या गिटारीची रचना आहे: सूर चढवायचा तर यंत्रणा ओढते, उतरवायचा तर ढकलते. तिच्या आवाजावर जीव टाकणारे वादक अजून आहेत. पण तिच्यात एक नवा बदल घालायचा म्हणजे जिकिरीचं काम, कारण एका तारेचं ओढणं-ढकलणं दुसऱ्या बदलांत अडकलेलं असतं. अशी पन्नास-साठ वर्षांची पुश-पुल कुणाच्या हाती आली आणि तिला आजच्यासारखे चार-पाच लिव्हर नसले, तर काय करावं? छिद्रं पाडून नवे बसवावेत? की तिला आहे तशी ठेवून स्वतःचं वाजवणं बदलावं?

जैन आचार्य समंतभद्रांनी 'आप्तमीमांसा' या ग्रंथात सोन्याच्या घटाचा दृष्टान्त दिला आहे. घट मोडून त्याचा मुकुट केला. ज्याला घट हवा होता तो शोक करतो, ज्याला मुकुट हवा होता तो आनंदतो, आणि ज्याला सोनं हवं होतं तो जसा होता तसाच राहतो. एकाच घटनेत नाश, उत्पत्ती आणि स्थिती तिन्ही खरी. जुन्या गिटारीभोवती हे तिघे आजही भेटतात. मूळ रूप जपणारा संग्राहक हळहळतो, नवा लिव्हर मिळालेला वादक खूश होतो. तिसऱ्याची जागा मात्र सहज भरत नाही, कारण या वाद्यात सोनं कशाला म्हणायचं हे दृष्टान्तातल्याइतकं उघड नाही. लाकूड? ते वाकतं. तारा? त्या वरचेवर बदलतात. खुंट्या, सळया, पिकअप, सगळं सुटं करून बदलता येतं. उरतो तो या वाद्याच्या तारा एकमेकींना कसं उत्तर देतात तो रिवाज. संग्राहकाचं दुःख खोटं नाही. त्याला भीती असते ती हा रिवाज हरवण्याची, छिद्राची नव्हे. आणि वादकाने नवा लिव्हर बसवताना त्या रिवाजाचा कान ठेवला, जुने बदल ज्या दमदारपणे बोलत होते तसंच नव्याला बोलायला लावलं, तर संग्राहकाच्या प्रेमाचा तोही वारस ठरतो.

हेच प्रश्न या वाद्याने एका धर्मपीठातही उभे केले.

अमेरिकेत 'हाउस ऑफ गॉड' नावाचा कृष्णवर्णीयांचा पेंटेकोस्टल पंथ आहे. मेरी मॅग्डालेना लुईस टेट या स्त्रीने १९०३ साली तो सुरू केला. त्यांच्या निधनानंतर पंथाच्या तीन शाखा झाल्या. त्यातल्या कीथ आणि ज्यूएल या शाखांमध्ये १९३०च्या दशकाच्या अखेरीपासून ऑर्गनची जागा स्टील गिटारने घेतली. फिलाडेल्फियाच्या ट्रोमन ईसनने हवाईच्या एका वादकाकडून धडे घेतले होते. त्याचा धाकटा भाऊ विली मात्र हवाई ढंगात रमला नाही. त्याने कांडी एका तारेवर धरून माणसाच्या गळ्यासारखं बोलणं सुरू केलं. प्रार्थनेतला हुंकार, उपदेशकाचा चढलेला आवाज, बाकावरून उठलेली साद, सगळं त्या एका तारेतून. उपासनेत वाद्यं असावीत का, या शंकेवर पंथाचं उत्तर बायबलमधल्या स्तोत्र १५०कडे बोट दाखवतं. तिथे देवाची स्तुती तंतुवाद्यांनी आणि झांजांनी करायला सांगितलं आहे.

पुढे याच परंपरेत पेडल स्टील आली. न्यू यॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरच्या चक कॅम्पबेलने नॅशव्हिलची ई-नाइन्थ जशीच्या तशी उचलली नाही. उपासनेत गळा जे करतो ते पायांना आणि गुडघ्यांना करता यावं, या गरजेपोटी त्याने स्वतःची जुळणी बसवली. २००४ साली त्याला अमेरिकेचा राष्ट्रीय वारसा सन्मान मिळाला. या मंडळींच्या जुळण्यांत एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. उपासना रंगात आली, लोक नाचू लागले, की संगीत बराच वेळ एकाच मूळ स्वराभोवती फिरत राहतं. कॉर्ड बदलत नाही, आवेग चढत जातो. म्हणजे एफ-शार्पचं ते अवघड भांडण तिथे फारसं उद्भवतच नाही. षड्ज जागचा हलत नाही आणि त्याच्याभोवती बाकी सगळं हवं तेवढं थरथरू शकतं.

तानपुऱ्याच्या सावलीत वाढलेल्या कानाला हे ओळखीचं वाटेल. १९४०च्या दशकात ताऊ मो हा हवाई वादक कुटुंबासह कोलकात्यात राहिला आणि त्याच्यामुळे हे हवाई वाद्य भारतात पसरायला मदत झाली. मुंबईच्या चित्रपटसंगीतात व्हॅन शिप्ले आणि हजारा सिंग यांनी ते घरोघरी पोचवलं. ब्रिजभूषण काबरांनी अली अकबर खाँ साहेबांकडे शिकून स्टील गिटारवर राग मांडले; १९६७च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'त शिवकुमार शर्मांचं संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्यासोबत त्यांचीच गिटार आहे. काबरांना पेडलांची गरज पडली नाही. कॉर्ड बदलायची नसेल तर कांडी पुरते, आणि चिकारी षड्ज धरून ठेवते. जोधपूरच्या काबरांना आणि फिलाडेल्फियाच्या विली ईसनला एकमेकांची नावं कळण्याचं कारण नव्हतं, तरी दोघांनी हवाईहून आलेल्या वाद्यात गळाच शोधला. गळ्याने ध्रुव धरलेला असला की त्याच्या सोबतीला आलेली तार मोकळी होते.

हाउस ऑफ गॉडपुढचा पेच तांत्रिक नव्हता. वादकांनी ही गिटार चर्चबाहेर, रात्रीच्या क्लबांत वाजवावी का? बराच काळ हे संगीत पंथाबाहेर फारसं कुणाला ठाऊकही नव्हतं. फ्लोरिडाच्या रॉबर्ट स्टोन या लोकसंस्कृतीच्या अभ्यासकाने १९९०च्या दशकात त्याचं ध्वनिमुद्रण केलं, आर्हूली कंपनीने १९९७ साली 'सेक्रेड स्टील' ही सीडी काढली, आणि जगाचा कान तिकडे वळला. न्यू जर्सीच्या ऑरेंज गावातल्या चर्चमध्ये घडलेला रॉबर्ट रँडॉल्फ काही वर्षांतच तेरा तारांची पेडल स्टील घेऊन रॉकच्या मंचांवर उभा राहिला. पंथातल्या वडीलधाऱ्यांना ते रुचलं नाही. त्यांचं म्हणणं क्षुल्लक नव्हतं. जो सूर देवासाठी लावला तो दारूच्या ग्लासांच्या आवाजात वाजवला तर तो तोच सूर राहतो का? तारेची कंपनसंख्या तीच राहील. पण ईची तारही तीच होती, आणि शेजारच्या दोन तारा बदलताच ती षड्जाची पंचम झाली होती.

वडीलधाऱ्यांचं भय आणि तरुणांची ओढ, दोन्हींना इथे आदर द्यावा लागतो. सूर बाहेर गेल्याने मलिन होत नाही. तो कुणाला उत्तर देत होता हे विसरला तर त्याचा अर्थ हरवतो. जे वादक शनिवारी रात्री बाहेर वाजवून रविवारी सकाळी चर्चमध्ये बसत राहिले, उपदेशकाचा आवाज चढला की त्याच्या पाठोपाठ जाण्याची सवय ज्यांनी सोडली नाही, त्यांनी चल वीणा आणि ध्रुव वीणा एकाच घरात सांभाळली.

उपासना संपल्यावर पेडल स्टील आवरताना पाहण्यासारखी असते. पेडलांच्या सळया एकेक करून सुटतात. पेडलांची पट्टी निघते, चारही पाय फिरवून काढले जातात, आणि उरलेला देह पेटीत आडवा निजतो. पुढच्या रविवारी सगळं पुन्हा जोडायचं. पेटी उघडेपर्यंत हवा बदललेली असते, लाकडाने श्वास घेतलेला असतो, तारा कुठल्या कुठे सरकलेल्या असतात. वादक खुर्ची ओढतो, सळया अडकवतो, पेडल न दाबता एक तार छेडतो आणि तिच्यावर कान ठेवून बाकीच्या लावायला घेतो. एफ-शार्पपाशी आला की थांबतो. एकदा पेडलाशिवाय ऐकतो, एकदा पेडल दाबून ऐकतो, आणि आज सकाळी कोणती स्तोत्रं गायची आहेत हे समोरच्या मंडळींना विचारतो.